२४ सेकंदांची लढाई, तासाभराचा खोळंबा

सोलापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले, की शहर मागे पडल्यानंतर काही वेळातच चिंचोळी औद्योगिक वसाहत लागते. मोहोळ तालुक्यातील या एमआयडीसीत मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनतात, औषधनिर्मितीला लागणारी रसायने बनतात. येथील कोणत्याही यंत्रशाळेत 'सेटिंग' हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, याची गणती करणे अवघड. एक जॉब उतरवून दुसरा चढवायचा, तर यंत्र थांबवावे लागते. यंत्र थांबले तरी पाळीचे घड्याळ थांबत नाही, आणि पगारही थांबत नाही. सोलापूरच्या यंत्रमागधारकाला हेच दुखणे बीम संपल्यावर भोगावे लागते. नव्या बीमाचे धागे जुन्या धाग्यांना जोडून होईपर्यंत माग मुका उभा असतो.

हे दुखणे ज्यांच्या रोजच्या परिचयाचे आहे, त्यांना एका अगदी वेगळ्या क्षेत्रातील तक्रार चटकन समजावी. ते क्षेत्र करमणुकीचे आहे. टेबलाभोवती बसून खेळायच्या 'रोल-प्लेइंग गेम'चे, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचे. आणि तक्रार एकच, जगभर ऐकू येणारी: गोष्ट छान रंगते, पण लढाई सुरू झाली की खेळ रेंगाळतो.

संगणकावरील वा मोबाइलवरील खेळांशी याची गल्लत करू नये. येथे पडदा लागत नाही. पाच-सहा जण एकत्र बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. जग त्याचे, त्यातील गावे, जंगले, राजे, दरोडेखोर आणि राक्षसही त्याचेच. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. 'गुहेच्या तोंडाशी दोन पहारेकरी पेंगत आहेत, तुम्ही काय करता?' असे सूत्रधार विचारतो आणि आपले पात्र काय करील ते खेळाडू सांगतो. निकाल अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो. फासेही नाना तऱ्हेचे. चार पैलूंच्या फाशापासून वीस पैलूंच्या फाशापर्यंत. या प्रकारातील पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे जनक. २०१६ पासून गाजलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतील मुले तळघरात बसून खेळतात तो हाच खेळ. त्याच्या नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून खुल्या परवान्याखाली कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे फाशांचा एक संच आणि एक मोकळी संध्याकाळ एवढ्या भांडवलावर तो कोठेही खेळता येतो.

प्रश्न येतो तो मोकळ्या संध्याकाळीचाच. समजा, चिंचोळीतील निरनिराळ्या कारखान्यांत काम करणारे सहा मित्र रविवारी सात वाजता जमले. एकाला रात्रपाळीला जायचे आहे, म्हणून दहाला उठायचे. पाऊण तास गप्पांत आणि मागील भागाची उजळणी करण्यात गेला. आठच्या सुमारास जंगलात दरोडेखोरांची टोळी आडवी आली आणि लढाई जुंपली. आता प्रत्येकाने वीस पैलूंचा फासा टाकून आपला क्रम ठरवायचा. मग त्या क्रमाने एकेकाने आपली पाळी खेळायची. सगळ्यांची पाळी झाली की एक फेरी पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रत्येक खेळाडूला आपल्या पाळीसाठी दोन मिनिटे लागतात, आणि सूत्रधाराला सगळे दरोडेखोर हलवायला चार मिनिटे, असे धरू. पाच खेळाडूंची दहा आणि सूत्रधाराची चार, म्हणजे एका फेरीला १४ मिनिटे. चार फेऱ्यांत लढाई संपली तरी ५६ मिनिटे गेली. खेळाच्या प्रचलित नियमांनुसार एक फेरी म्हणजे कथेतील सुमारे सहा सेकंद. म्हणजे कथेतल्या २४ सेकंदांच्या झटापटीने खऱ्या घड्याळातला जवळजवळ एक तास खाल्ला.

तासाचेही एवढे काही नाही. बुद्धिबळाच्या डावाला चार-चार तास लागतात आणि कोणी कुरकुरत नाही. खरी मेख वाटणीत आहे. या ५६ मिनिटांत प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला आली आठ मिनिटे. उरलेली ४८ मिनिटे तो दुसऱ्यांचे पाहत बसला. एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत बारा मिनिटांची वाट. इतक्या वेळात कोणाचाही हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. मग त्याची पाळी आली की तो मान वर करून विचारतो, 'काय झाले? कोण मेले?' त्याला सगळे पुन्हा सांगावे लागते आणि दोन मिनिटांची पाळी तीन मिनिटांची होते. त्यामुळे पुढच्याची वाट वाढते, आणि त्याचाही मोबाइल बाहेर येतो. दहा वाजले, लढाई अर्धवट, रात्रपाळीवाला उठला. पुढच्या आठवड्यात पाळ्या बदलल्या, दोघे आले नाहीत. अशा रीतीने गट हळूहळू विरून जातो. भांडण होत नाही, कोणी खेळ सोडल्याचे जाहीर करत नाही. रविवारी जमणे थांबते, एवढेच.

मराठीत 'पाळी' हा शब्द खेळातल्या क्रमालाही चालतो आणि कारखान्यातल्या शिफ्टलाही. हा निव्वळ योगायोग असला तरी येथे तो उपयोगी पडतो, कारण या दुखण्यावरचा सर्वांत चांगला उतारा कारखान्यातूनच मिळतो.

बाहेरचे काम आणि आतले काम

१९५० साली जपानमधील हिरोशिमा येथे तोयो कोग्यो या मोटार कंपनीत शिगेओ शिंगो नावाचे अभियंते प्रेस मशीनचे काम न्याहाळत होते. आठशे टनी प्रेसचा डाय बदलायचा होता आणि नेमका एक बोल्ट सापडेना. कामगार तासभर तो शोधत फिरला. अखेर दुसऱ्या यंत्राचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून त्याने वेळ मारून नेली. तेवढा वेळ प्रेस बंद. शिंगोंच्या तेव्हा लक्षात आले, की डाय बदलण्याच्या कामात दोन वेगळी कामे मिसळलेली आहेत. यंत्र बंद असतानाच करता येईल असे एक, आणि यंत्र चालू असतानाही आधी उरकून ठेवता येईल असे दुसरे. बोल्ट शोधणे हे दुसऱ्या प्रकारातले. पुढे १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसच्या डाय बदलाला चार तास लागत असताना त्यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि मग काही महिन्यांत तीन मिनिटांवर आणला. हीच पद्धत आज चिंचोळीपासून चाकणपर्यंत यंत्रशाळांतील अभियंत्यांना शिकवली जाते.

खेळाडूच्या दोन मिनिटांकडे याच नजरेने पाहावे. त्याची पाळी आली. त्याने आधी शत्रू कोठे उभा आहे ते विचारले. मग आपल्या पात्राचा कागद उलटसुलट केला. मांत्रिक असेल तर मंत्राचा नियम पुस्तकात शोधला. दोन पर्यायांत घोळ घातला, मित्रांचा सल्ला घेतला. मग वीस पैलूंचा फासा टाकला, बेरीज केली, घाव लागला का ते विचारले. लागला म्हटल्यावर घावाच्या ताकदीसाठी दुसरा फासा शोधला, टाकला, पुन्हा बेरीज केली. यातले पाळीच्या वेळीच करावे लागते असे काम किती? निर्णय जाहीर करणे आणि फासा टाकणे. बाकी सगळे त्या बारा मिनिटांत, दुसऱ्यांची पाळी चालू असताना उरकता आले असते. पुस्तकात शोधायचा मंत्र म्हणजे हिरोशिमाचा हरवलेला बोल्टच.

म्हणून अनुभवी सूत्रधार काही साध्या सवयी लावतात. 'आता सुनील, त्यानंतर फरीदा' अशी दोन नावे एकदम पुकारायची, म्हणजे पुढच्याला तयारीचा इशारा मिळतो. पाळीचा क्रम सगळ्यांना दिसेल असा मोठ्या अक्षरात लिहून मधोमध ठेवायचा. मांत्रिकाने आपले मंत्र एकेका चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे, म्हणजे पुस्तक उघडायला नको. घाव लागला की नाही हे ठरविणारा फासा आणि घावाची ताकद ठरविणारा फासा एकाच वेळी टाकायचा. लागला नाही तर दुसरा आकडा सोडून द्यायचा, एवढेच. शत्रूचे चिलखत किती भारी आहे हा आकडा पहिल्या एक-दोन घावांनंतर सांगून टाकायचा. मग 'सतरा, लागला का?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागत नाही. नियमावरून वाद झाला तर सूत्रधाराने जागच्या जागी निकाल द्यायचा आणि पुस्तक खेळ संपल्यावर उघडायचे.

यातील एकाही उपायाने खेळाचा नियम बदलत नाही, ही गोष्ट महत्त्वाची. तरीही खेळाडूची पाळी ४५ सेकंदांवर आणि सूत्रधाराची दोन मिनिटांवर आली, तर फेरी पावणेसहा मिनिटांची होते आणि चार फेऱ्यांची लढाई २३ मिनिटांत संपते. वाचलेल्या ३३ मिनिटांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे बारा मिनिटांची वाट पाच मिनिटांवर येते. तेवढ्यात मोबाइल काढण्याचा मोह होत नाही.

संगणकाने हे काम सोपे झाले, असे काही जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. फासे टाकणारी आणि बेरजा करणारी ॲप्स आहेत, दूरदूरच्या खेळाडूंना एका पटावर आणणारी संकेतस्थळे आहेत. बेरीज त्यांनी वाचते. 'मारू की पळू' हा घोळ मात्र कोणत्याही ॲपने वाचत नाही, आणि पाळीचा बराचसा वेळ त्या घोळातच जातो.

प्रशियाच्या सेनापतींचे गाऱ्हाणे

नियम बारीक केले की खेळ खरा वाटतो आणि खरा वाटला की तो संथ होतो, हे गाऱ्हाणे रोल-प्लेइंग गेमपेक्षाही पुष्कळ जुने आहे. प्रशियातील राइसवित्झ पितापुत्रांनी १९व्या शतकाच्या आरंभी 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ, रचला. मुलाने १८२४ साली त्याचे सुधारित रूप सेनाप्रमुखांपुढे मांडले आणि ते सैन्यात रूढ झाले. नकाशावर पलटणींचे ठोकळे, प्रत्येक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ, आणि तोफेच्या प्रत्येक गोळ्याचा परिणाम फासे आणि कोष्टके पाहून ठरवायचा. अधिकारी शिकत होते खरे, पण कोष्टके चाळता चाळता पंचाचा जीव मेटाकुटीला येई. १८७६ साली युलियस फॉन व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने धाडसी तोड सुचवली: कोष्टके आणि फासे बाजूला ठेवा. पंच जर युद्ध पाहिलेला अनुभवी अधिकारी असेल, तर हल्ल्याचे काय होईल हे तोच सांगेल.

खेळ वेगवान झाला. पण सगळा भार पंचाच्या सचोटीवर आणि समजेवर आला. पुढे १८८० साली अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांच्या 'स्ट्रॅटेगॉस' या पुस्तकातही नियमांपलीकडच्या प्रसंगी निकाल देण्याची मुभा पंचाला होती. १९६९ साली मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांनी त्याच पुस्तकाचा आधार घेऊन एक खेळ मांडला. त्यात खेळाडू पलटणींऐवजी एकेका माणसाची भूमिका करीत होते आणि वाटेल ते करून पाहण्याची त्यांना मोकळीक होती. त्या खेळात डेव्ह अर्नेसन सामील होते. पाच वर्षांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. म्हणजे आज ज्याला सूत्रधार म्हणतात, त्याच्या पूर्वजांत खेळाचा वेग वाढविण्यासाठी पुढे आणलेला हा पंचही आहे. नियमाचे पान न उलटता निकाल देणारा सूत्रधार खेळाशी प्रतारणा करतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

आकड्यांचा हिशेब

सवयी सुधारूनही लढाई लांबत असेल, तर दोष आकड्यांत असतो. येथे शाळेतील शक्यतेचे गणित कामी येते.

घाव लागण्यासाठी वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचे कौशल्य मिळवायचे आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा अधिक व्हायला हवी, असा नियम आहे. चिलखत १५ आणि कौशल्य पाच, तर फाशावर १० किंवा अधिक पडावे लागते. वीसपैकी ११ पैलू उपयोगी, म्हणजे शक्यता ५५ टक्के. लागलेल्या घावाची ताकद आठ पैलूंच्या फाशावर अधिक तीन, अशी असेल तर सरासरी साडेसात. दोन्ही मिळून दर पाळीला सरासरी सव्वाचारच्या आत-बाहेर. पाच खेळाडूंचे मिळून फेरीला साधारण २०. शत्रूचे 'हिट पॉइंट', म्हणजे तो मरेपर्यंत किती मार सोसू शकतो तो आकडा, ८० असेल तर लढाई चार फेऱ्यांची.

आता सूत्रधाराला लढाई 'कठीण' करायची आहे, म्हणून त्याने चिलखत १५ चे १८ केले. फाशावर १३ किंवा अधिक हवे, वीसपैकी आठच पैलू उपयोगी, शक्यता ४० टक्के. फेरीला २० ऐवजी १५. लढाई सहाव्या फेरीपर्यंत गेली. कठीण झाली का? शत्रू तेवढाच मार देत असल्याने थोडीफार झाली. पण मुख्यतः ती लांब झाली, आणि प्रत्येक पाच पाळ्यांपैकी तीन पाळ्यांत काहीच घडले नाही. दहा-बारा मिनिटे थांबायचे आणि 'चुकला' एवढेच ऐकून पुन्हा थांबायचे, यासारखा रसभंग नाही. त्याऐवजी शत्रूचे हिट पॉइंट ८० चे ६० करावेत आणि त्याच्या घावाची ताकद सुमारे एक-तृतीयांशाने वाढवावी. चारऐवजी तीन फेऱ्या, पण प्रत्येक फेरीत धोका अधिक.

या खेळाच्या निर्मात्यांनाही हे ठेच लागल्यावरच उमगले. २००८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत लढाया फार लांबतात अशी ओरड झाली. २००९ च्या दुसऱ्या राक्षस-संग्रहात एकट्याने लढणाऱ्या बड्या राक्षसांचे हिट पॉइंट कमी करण्यात आले आणि २०१० च्या तिसऱ्या संग्रहात घावांची ताकद वाढवण्यात आली. त्याच आवृत्तीतील एक कल्पना मात्र पहिल्यापासून चांगली होती. टोळीतले फुटकळ शत्रू एकाच घावात पडतात, त्यांच्या हिट पॉइंटची नोंदच ठेवावी लागत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आणखी एक सोय केली. शत्रूच्या घावाची सरासरी छापूनच दिली, म्हणजे सूत्रधाराने दर वेळी फासा न टाकता तोच आकडा वापरावा. दहा शत्रू एकाच वेळी तुटून पडत असतील आणि प्रत्येकाची शक्यता ३० टक्के असेल, तर दहा फासे टाकण्याऐवजी 'तीन घाव लागले' असे म्हणून सरळ पुढे जाता येते.

अर्थात, येथे एक किंमत मोजावी लागते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फेऱ्या कमी झाल्या की फासेही कमी पडतात, आणि फासे कमी पडले की नशिबाचा हात वर राहतो. सहा फेऱ्यांत वाईट आणि चांगले दान सहसा एकमेकांना फेडते. दोन फेऱ्यांत ते फेडायला वेळच मिळत नाही. लहान लढाईत एखादे लाडके पात्र एका वाईट दानावर प्राणास मुकण्याची शक्यता म्हणूनच अधिक. सूत्रधाराने हे खेळाडूंना आधी सांगितलेले बरे.

शेवटचा माणूस पडेपर्यंत?

रेंगाळलेल्या लढाया बारकाईने पाहिल्या, तर बऱ्याचदा असे दिसते की निकाल दुसऱ्या फेरीतच लागलेला असतो. दरोडेखोरांचा म्होरक्या पडलेला, सातांपैकी तीन उरलेले. तरी फासे पडतच राहतात, कारण 'उरलेल्यांचे काय' हे कोणी ठरवलेले नसते. खऱ्या रणांगणावर असे क्वचित घडते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दुपारपर्यंत मराठी फौज झुंजत होती. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला, असे इतिहास सांगतो. फौजा माणसे संपल्याने हरण्याआधी हिंमत संपल्याने हरतात.

जुन्या नियमांत याची तजवीज होती. १९८१ साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्राथमिक संचात प्रत्येक शत्रूला दोन ते बारा असा हिमतीचा आकडा असे. त्यांच्यातला पहिला पडला की, आणि निम्मे पडले की, सूत्रधाराने सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज हिमतीच्या आकड्यापेक्षा जास्त आली की शत्रू पळाले वा शरण आले. एवढ्या एका नियमाने लढाईचा सर्वांत कंटाळवाणा तिसरा भाग गळून जातो. शिवाय गोष्टीलाही खाद्य मिळते, कारण पळालेला दरोडेखोर पुढे कोठेतरी भेटतो आणि शरण आलेला काहीतरी सांगतो. पुढच्या आवृत्त्यांत हा नियम मागे पडला, हे नुकसानच म्हटले पाहिजे.

त्याच संचात क्रमही दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकून ठरे. जिंकलेली बाजू सगळीच्या सगळी आधी खेळे. पाचही खेळाडूंनी आपसात सल्लामसलत करून एकत्र चढाई करायची, म्हणजे वाट पाहणे जवळजवळ नाहीसे होते. पण ज्या बाजूला पहिली संधी मिळेल ती समोरच्यांना उभेच राहू देत नाही, हा या पद्धतीचा तोटा. बलाढ्य मंत्र हाताशी असतील तर तो फार जाणवतो.

घड्याळाचा मार्ग सर्वांत उघड आहे, आणि सर्वांत नाजूकही. एक मिनिटाची वाळू उलटी करून ठेवायची, ती संपेपर्यंत निर्णय झाला नाही तर पात्र ढाल पुढे करून उभे राहिले असे समजायचे. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. हुतूतूत चढाई करणाऱ्याचा दम हेच त्याचे घड्याळ होते. पंचाने शिट्टी वाजवण्याची वाट न पाहता शरीरच वेळ सांगत असे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा तीस सेकंदांची चढाई आणि दोन कोऱ्या चढायांनंतरची 'करो या मरो' चढाई यांनी खेळाचा सगळा नूर पालटला. कोरी चढाई करून वेळ काढणे फायद्याचे राहिले नाही. 'थर्टीन्थ एज' या २०१३ सालच्या खेळातही असाच डावपेच आहे. दुसऱ्या फेरीपासून टेबलावर एक मोठा फासा ठेवतात आणि दर फेरीला त्यावरील आकडा एकाने वाढवतात. तो आकडा खेळाडूंच्या प्रत्येक हल्ल्यात मिळवला जातो. लढाई जसजशी पुढे सरकते तसतसे घाव अधिक लागतात आणि ती आपोआप आवरते. रॉब हाइन्सू आणि जोनाथन ट्वीट हे त्याचे कर्ते. पैकी हाइन्सू हे त्या लांबलेल्या चौथ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार होते, ही गोष्ट बोलकी आहे.

वाळूचे घड्याळ मात्र नवख्यांवर लादू नये. चाकरीतून थकून आलेल्या, पहिल्यांदाच पात्र हाती घेतलेल्या माणसाला सेकंद मोजून दाखवणे म्हणजे त्याला दाराबाहेर घालवणे होय. तो बिचारा आधीच भांबावलेला असतो.

काही रचनाकार आणखी पुढे गेले. क्रिस मॅक्डॉवल यांच्या 'इन्टू द ऑड' या २०१४ सालच्या खेळात घाव लागला की नाही हा फासाच नाही. हल्ला केला की घाव लागतोच, प्रश्न फक्त किती लागला याचा. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये सूत्रधार फासेच टाकत नाही. खेळाडूच्या फाशावरूनच दोन्ही बाजूंचे काय झाले ते ठरते. पटावर सोंगट्या मांडून डावपेच लढवण्याची ज्यांना हौस आहे, त्यांना हे खेळ फार मोकळे वाटतील. पण ज्यांच्यापाशी आठवड्याला तीनच तास आहेत, त्यांनी एकदा खेळून पाहावेत.

वेग वाढवताना एका ठिकाणी हात आखडता घ्यायला हवा. शिंगोंनी डाय बदलण्याचा वेळ कापला, लोखंडावर दाब देण्याचा नाही. लढाईत खेळाडू ज्या क्षणी खरोखर पेचात असतो, तो क्षण म्हणजे या खेळाचे मुख्य काम. जखमी मित्राला ओढून न्यावे की पळणाऱ्या सरदाराचा पाठलाग करावा, असा प्रश्न समोर आला आणि टेबलावर शांतता पसरली, तर ती शांतता मोडू नये. पुस्तकाची पाने उलटतानाची शांतता आणि ही शांतता यांतला फरक सूत्रधाराच्या कानाला कळावा लागतो. पुष्कळदा असे पेच एका लढाईत एखाद-दुसराच असतो. बाकीच्या पाळ्या 'मी पुन्हा तलवार चालवतो' एवढ्याच असतात, आणि त्यांना पाच सेकंद पुरतात.

आठला जुंपलेली लढाई साडेआठच्या आत आटोपली, तर रात्रपाळीला जाणाऱ्यासाठी अजून दीड तास शिल्लक राहतो. तेवढ्यात शरण आलेल्या दरोडेखोराला बोलते करता येते, त्याने सांगितलेल्या वाड्याचा शोध लागतो आणि वाड्याच्या दाराशी कोण उभे आहे ते दहा वाजायच्या आत कळते.